खोड कुठे असते, आबा

आबा, तुमच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी पलूसकडचा एक शेतकरी बैल घेऊन आपल्या दारात आला. वाटेत दोन मुक्काम करून चालत आला होता. तुम्ही गेल्याचं त्याला कुणी कळवलं नव्हतं.

"आबा हायती का? खोड काढून घ्यायची हाय," तो म्हणाला.

बाहेर बसलेल्या माणसांनी त्याला सांगितलं. त्यानं टोपी काढली, परत घातली आणि कासरा हाताला गुंडाळला. मग म्हणाला, "मग आता ह्या मुक्या जनावराचं काय करायचं?"

मी खिडकीतून बघत होते. बैल चांगला होता. वयानं चार दाती, रंगानं कोसा, पाठ सरळ. तुम्ही दीड वर्षापूर्वी त्याला खोड सांगितलीत आणि तेव्हापासून तो औतालाही जुंपला गेला नव्हता आणि बाजारातही कुणी त्याला हात लावला नव्हता. त्याला वैरण घातली, पाणी पाजलं. दुपारनंतर तो माणूस आला तसा निघून गेला.

वाचणाऱ्या सगळ्यांना आपल्याकडची ही रीत माहीत नसेल, म्हणून सांगते. बैलाच्या अंगावर केस जिथे गोल फिरतात तिथे भोवरा असतो. तो प्रत्येक बैलाला असतो. पण कुठल्या जागी आहे, कुठल्या बाजूला वळलाय, यावरून जाणकार माणूस तो शुभ की अशुभ ते सांगतो. अशुभ सांगितला की बैलाला खोड लागली. ती दुसऱ्या कुणाला काढता येत नाही. ज्यानं सांगितली त्यानंच पाच माणसांसमोर जनावरावर हात ठेवायचा आणि 'माझा शब्द मी माघारी घेतला' असं म्हणायचं. मग बैल मोकळा. आबा, म्हणजे माझे थोरले चुलते, पलटणीत खेचरांच्या तुकडीत अठरा वर्षं होते, नाईक होऊन घरी आले आणि त्यानंतर वडूजपासून पार पलूसपर्यंत त्यांच्या शब्दावर बैल जुंपले जात किंवा नुसते उभे राहत.

आणि मी. त्या बैलाकडे मी इतका वेळ का बघत होते, ते तुम्हाला कळलं असतं.

मला तुम्ही खोड सांगितलीत तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बाबांचा तेरावा झाला होता. जेवणं उरकून सोयरेधायरे पान खात बसले होते आणि तुम्ही मला हाक मारलीत. "शालन, हिकडं ये." मी आले. तुम्ही अंगठा माझ्या हनुवटीखाली घालून तोंड वर केलंत, वासराचं करतात तसं, आणि दुसऱ्या हातानं कपाळावरचे केस मागे सारलेत.

"ह्ये बगा," तुम्ही लोकांना म्हणालात. "भोवरा हाय. उलटा फिरलाय. पोरगी बापाला जड हुती."

काकू मागे उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तरीच."

मला वाटलं, कपाळाला काहीतरी चिकटलंय. मी हातानं पुसलं. लोक हसले नाहीत. आई आतल्या दारात होती, पदर पुढे ओढलेला, त्यामुळे तिचं तोंड मला दिसलं नाही.

जूनमध्ये तुम्ही मला साताऱ्याच्या मिशनच्या शाळेत घातलंत, तिथल्याच वसतिगृहात. गावात सांगितलंत, "पोर हुशार हाय, इंग्रजी शिकू दे." बारा वर्षांची होईपर्यंत मला ते खरं वाटत होतं. शेजारच्या मुली कांदे खुरपत होत्या आणि मी बूट घालून प्रार्थनेला उभी राहत होते. तुमचा मला अभिमान वाटायचा. मग एका सुट्टीत काकू कुणाला तरी सांगताना ऐकलं, "डोळ्याम्होरं नको म्हून घातलीया." त्यानंतर सुट्टीतल्या सगळ्या गोष्टींचा अर्थ लागत गेला. पेरणीचा पहिला फाळ जमिनीत जायचा तेव्हा मला परसात का पाठवायचे. बेंदराच्या सणाला घरातल्या सगळ्या मुली बैलांना कुंकू लावायच्या आणि माझ्या हातात मात्र पुरणाचं पातेलं का द्यायचे. बैलांनासुद्धा माझ्यापासून जपत होतात तुम्ही.

इंग्रजी शाळेनं मला गप्प केलं असं आई म्हणते. तसं नाही. मी आधीच गप्प झाले होते. शाळेनं एवढंच केलं की गप्प बसून काय करायचं ते शिकवलं. मी बघायला लागले, आणि तुम्हाला तर फारच बघितलं.

तुमच्याविरुद्ध आज माझ्याकडे जे काही आहे, ते सगळं तुम्ही मला जिथे घालवून दिलंत तिथून आलंय. याबद्दल आभार मानायचे की काय, ते मला ठरवता येत नाही.

सांगलीला कॉलेजात आल्यावर मी तत्त्वज्ञान घेतलं. घरी कुणाला ते काय असतं ते माहीत नव्हतं, म्हणून कुणी अडवलंही नाही. पहिल्याच महिन्यात आमच्या सरांनी खडू वर धरला आणि विचारलं, 'पांढरा' हा शब्दच कुठल्या भाषेत नसता तर हा खडू पांढरा असता का? वर्गात दोन तट पडले. एक म्हणत होता, खडू जसा आहे तसा आहे, तुम्ही त्याला काहीही म्हणा. दुसरा म्हणत होता, जगात नुसता एक सलग पसारा आहे, त्याचे तुकडे पाडते ती आपली भाषा. मला तुम्ही आठवलात. मी ज्याला नुसतं पांढरं म्हणत होते, त्यात तुम्हाला ढवळा वेगळा दिसायचा आणि कोसा वेगळा. तेरा वर्षांची असताना एकदा तुम्ही मला दाराशी उभं करून दाखवलं होतं. "ह्यो ढवळा. आन् ह्यो कोसा. मानंपाशी बग, राख सांडल्यागत हाय का न्हाई?" मी म्हटलं, मला सारखेच दिसतात. "दिसतील. बगत ऱ्हा." चार दिवस बघत राहिले. पाचव्या दिवशी दिसला. आणि एकदा दिसल्यावर परत सारखे कधीच दिसले नाहीत. तुमच्याजवळून मिळालेली ही एक गोष्ट मी परत करणार नाही.

पण राख सांडल्यासारखा रंग त्या बैलाच्या मानेवर होताच. तुम्ही तो तिथे ठेवला नव्हता. खोडीचं काय, हा माझा प्रश्न होता.

त्या वर्षी दिवाळीत एक जण असाच बैल घेऊन आला आणि तुम्ही त्याची खोड काढलीत. पाच माणसं गोळा झाली. तुम्ही वशिंडावर हात ठेवून शब्द माघारी घेतलात, बैलाला मूठभर कडवळ चारलं, आणि तो माणूस हसत हसत बैल हाकत गेला. मी चहा घेऊन आले होते. माणसं गेल्यावर मी विचारलं. तुमच्याशी आपण होऊन बोलायची ती माझी पहिलीच वेळ असेल.

"आबा, भोवरा तर अजून तिथंच आहे."

"हाय की."

"मग गेलं काय?"

"खोड गेली."

"मग ती होती कुठं?"

तुम्ही मिशीला लागलेला चहा पुसलात. "आली बगा इंग्रज सरकार. चौकशी लावली." मग काकूंना ऐकू जाईल असं म्हणालात, "ह्येच शिकवत्यात व्हय गं सांगलीला?" मला वाटलं संपलं. मी कपबशा उचलल्या. तेव्हा तुम्ही म्हणालात, "बस."

मी बसले.

"माझ्या दंडावर नाइकाची फीत हुती. दोन पट्ट्या. त्या हुत्या तवर मी 'चल' म्हनलं की बारा गडी चालायचं. एका सायबानं एकदा फीत काढून घेतली माझी, सा म्हयनं. दंड त्योच, मी बी त्योच. 'चल' म्हनलं तर एक गडी हालंना. आता सांग, हुकूम कुठं हुता? दंडात हुता, का पट्टीत, का सायबाच्या तोंडात?"

मी हातातल्या कपबशा खाली ठेवल्या.

"तसंच हाय ह्ये," तुम्ही म्हणालात. "आन् खोटं म्हनू नगंस. बारा गडी खरंच चालत हुतं."

आबा, हा मुद्दा चांगला होता. मी तो सांगलीला नेऊन सरांना सांगितला. ते खुर्चीतून पुढे झुकले आणि म्हणाले, "हे गृहस्थ कोण? शिकलेले आहेत?" मी म्हटलं, खेचरांच्या पलटणीत होते. सरांनी तो पुढच्या तासाला वर्गात सांगितला, माझं नाव न घेता. काही गुण वस्तूत असतात आणि काही आपल्या बोलण्यातून, मानण्यातून तयार होतात, पण म्हणून दुसऱ्या प्रकारचे गुण खोटे नसतात, माणसं त्यांच्यावर जगतात आणि मरतात, असं ते म्हणाले. सगळी मुलं लिहून घेत होती. मी लिहिलं नाही. मला ते लिहून घ्यायची गरज नव्हती.

मला तुम्हाला एवढंच उत्तर द्यायचं होतं, की सगळंच फितीसारखं नसतं. ताप फितीसारखा नसतो. पण ते मी तेव्हा बोलले नाही आणि पुढच्या तीन सुट्ट्यांतही बोलले नाही. तुम्ही मात्र दर वेळी विचारायचात, "काय इंग्रज सरकार, घावला का हुकूम?" आणि स्वतःच हसायचात.

तापाचं मला कसं कळलं ते तुम्हाला कधीच सांगितलं नाही. चौदा वर्षांची असताना शाळेत आरोग्याचं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात एका तापाची लक्षणं दिली होती. डोकं फार दुखतं, उलट्या होतात, आणि मग मान ताठते. रोग्याचं डोकं उचलायला गेलं तर पाठ वर उचलली जाते. मी ते वाक्य वाचलं आणि पुस्तक मिटून बाकाखाली ठेवलं. मी तसं डोकं उचललं होतं. बाबांना पाणी पाजायला मी त्यांच्या डोक्याखाली हात घातला तेव्हा फळी उचलावी तशी त्यांची सगळी पाठ वर आली होती.

तापाचा तो तिसरा दिवस होता. दवाखान्यातला कंपाउंडर आला होता. तो तुम्हाला दारात म्हणाला, "आबा, ह्यांना सकाळच्या गाडीनं साताऱ्याला हलवा. मला ह्ये साधं दिसत न्हाई." मी दाराच्या आतच होते. तुम्ही बाबांच्या मानेवर हात ठेवलात, बैलाच्या खांद्यावर ठेवता तसा, आणि बोटांनी दाबून बघितलंत.

"साधा ताप हाय. पावसात भिजलाय त्यो. दोन दिसांत उतरल."

"तरीबी आबा, एकदा डॉक्टरनं बगितल्यालं बरं."

"अठरा वर्सं जनावरं बगितल्याती मी. ताप मला शिकवू नगंस."

कंपाउंडरनं पिशवी उचलली. त्याच्या तोंडावर काय होतं ते मला आजही सांगता येईल. राग नव्हता. तुमच्यासमोर सगळ्यांची व्हायची तशी ती सुटका होती, की चला, आता हे ठरवायचं काम आपलं नाही. सकाळी गाडीचा हॉर्न घरापर्यंत ऐकू आला. दुपारी बाबा गेले.

तुम्ही त्याला साधा ताप म्हणालात, आबा. तुमचा शब्द वडूजपासून पलूसपर्यंत चालायचा. त्या तापानं तो ऐकला नाही.

आणि मग बारा दिवसांनी तुम्हाला माझ्या कपाळावर भोवरा सापडला.

तुम्हाला स्वतःला मात्र साताऱ्याला नेलं. एकदा नाही, दोनदा. मी सुट्टीत होते आणि कागद इंग्रजीत असणार म्हणून मलाच बरोबर घेतलं. एस.टी.त मी खिडकीशी बसले होते आणि तुमचं डोकं डुलक्या घेताना माझ्या खांद्यावर येत होतं. मी ते हलवलं नाही. हलवावंसं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, तेव्हा तुम्ही मला विचारलंत, "काय लिवलंय?"

"तुमचं हृदय मोठं झालंय."

"काय म्हनतीस?"

"आकारानं मोठं झालंय. सुजल्यासारखं."

परतीच्या वाटेवर तुम्ही भेटेल त्याला सांगत सुटलात, "माझं काळीज मोठं हाय गड्या. सरकारी डॉक्टर म्हनतोय, कागद हाय." लोक हसत होते, तुम्हीही हसत होतात, मध्येच धाप लागत होती. मी कुणालाही खरं काय ते सांगितलं नाही. एवढी मजा तुम्हाला घेऊ दिली. त्याबद्दल कधीकधी मला माझाच राग येतो.

आता शेवटचं. गेल्या महिन्यात आईचा निरोप आला म्हणून मी सांगलीहून आले. मला वाटलं, तुम्हाला बघायला बोलावलंय. येऊन बघते तर तुमच्या खाटेभोवती पाच माणसं बसवलेली. कंपाउंडरही होता त्यात, म्हातारा झालेला. आई दारात उभी होती आणि तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. मग मला कळलं की हे तिनं घडवून आणलंय. तुमच्याशी ती थेट बोलत नसे. मोठ्या दिराशी बोलायची रीत नाही. बारा वर्षं ती काकूंच्या तोंडून तुम्हाला विनवत होती, की पोरीची खोड काढा. मला बघायला आलेली दोन स्थळं चहा पिऊन गेली आणि परत आली नाहीत. दोन्ही वेळा आईनं मला विचारलं होतं, केस नीट पुढे घेतले होतेस ना.

तुम्हाला पाठीशी गाठोडं लावून टेकवलं होतं. "शालन, हिकडं ये," तुम्ही म्हणालात. अगदी त्याच आवाजात.

मी आले.

"पाच मानसं हायती. तुजी खोड काढतो. म्हंजी माझा बी जीव मोकळा."

तुमचा हात वर आला. आईनं दाराची चौकट धरली होती. मला फक्त मान खाली घालायची होती, आबा. एवढंच. ती खाली घातली असती तर आईला झोप लागली असती. मी मागे सरकले.

"खोड काढू नका."

कुणीतरी खोकलं. आई म्हणाली, "शालन." तुम्ही हात तसाच वर ठेवलात.

"मग काय करू?"

"बाबांना कुठला ताप होता ते सांगा. या पाच जणांसमोर."

इतकी माणसं असताना मी एवढं कधी बोलले नव्हते. माझा आवाज मला ओळखू आला नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि मग फक्त एकदा, कंपाउंडरकडे. तो जमिनीकडे बघत होता. तेवढ्यात मला कळलं की तुम्हाला ठाऊक आहे. कधीपासून, ते माहीत नाही. कदाचित पहिल्या दिवसापासून.

"साधा ताप हुता," तुम्ही म्हणालात.

हात खाली आला. तुम्ही त्या माणसांकडे वळलात आणि म्हणालात, "लय शिकवली म्या हिला." दोघं-तिघं हसले, काहीतरी करायला हवं म्हणून. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

लोक म्हणतात, मी मरणाऱ्या माणसाचा हात झिडकारला. काकू तर ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. मला त्याचं फारसं वाटत नाही. काढून घ्यायला वस्तू आधी असावी लागते. मी डोकं पुढे केलं असतं तर ती खोड बारा वर्षं माझ्यात होती हे मान्य केलं असतं, आणि तुम्ही ती काढणारे उदार गृहस्थ झाला असतात. बाबा मात्र साध्या तापानंच गेले, असंच राहिलं असतं. तुम्हाला खोड काढायची होती, पण ताप तसाच ठेवून. ते दोन्ही एकत्र राहत नव्हतं, आबा. ताप साधा असता तर बाबा गेले नसते. साधा नव्हता, तर मग माझ्या कपाळावर फक्त केस होते.

तुमचा फितीचा मुद्दा मी विसरले नाही. खोड लोकांच्या मानण्यात असते आणि म्हणून ती खोटी नसते, हे मला पटतं. माझ्याइतकं ते कुणाला पटणार? ती स्थळं खरंच परत आली नाहीत. त्या पलूसच्या बैलाला खरंच कुणी जुंपत नाही. पण फीत काढून घेणाऱ्या साहेबानं तुमचा भाऊ मारला नव्हता.

मी एकाच गोष्टीत चुकले, आणि ती तुमच्या बाबतीत नाही. मला वाटत होतं, हे भांडण तुमचं आणि माझं आहे. तुम्ही गेल्यावर आई माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, पण बोलायची नाही. केस विंचरून देणंही तिनं सोडलं. माझी सांगलीला परत जायची वेळ आली. जायच्या दिवशी सकाळी ती परसात मटकी निवडत बसली होती. मी शेजारी बसले आणि सुपातले खडे काढायला लागले.

मटकीवरचा हात न थांबवता ती म्हणाली, "नऊ वर्सं न्हाऊ घातलं तुला. एकदाबी दिसला न्हवता. त्यांनी दावला आन् तवापास्नं दुसरं काय दिसंना. तुजं त्वांडच दिसंना मला."

मी तिला विचारलं, "आई, त्या दिवशी बाबांना साताऱ्याला न्यावं असं तुला वाटलं होतं का?"

ती खडे काढत राहिली.

"कापडं भरून ठिवली हुती," ती म्हणाली. "पिशवी दाराआड हुती. तुजं बी एक परकर-पोलकं घातलं हुतं त्यात. तुला कुठं ठिवायचं म्हून."

"मग?"

"मग काय. त्ये म्हनले साधा ताप हाय. मोठ्या दिराम्होरं म्या कसं बोलायचं?" तिनं सूप हलवलं. "तुज्या खोडीनं मला बरं वाटायचं, शालन. खोटं कशाला बोलू. ती हुती म्हून मी झोपत हुते. न्हाईतर मग मीच हुते की. पिशवी भरल्याली मीच हुते."

मला हे ठाऊक नव्हतं. बारा वर्षं मी हिच्याच शेजारी सुट्ट्या काढल्या, सगळं बघते असं मला वाटायचं, आणि हे मला दिसलं नव्हतं. तुमचा एक शब्द घेऊन तुम्ही दोघं जगत होतात, आबा. तुम्ही त्याच्याआड लपला होतात, आणि ती बिचारी त्याला टेकली होती. मी मागे सरकले तेव्हा तिचाच आधार गेला.

"त्या दिशी तू तापाचं इचारलंस," ती म्हणाली, "आन् माजी झोप गेली. आता म्या बोल कुनाला लावू?"

"आबांना लाव."

"मेलेल्या मानसाला?"

"त्यांना आता जड होणार नाही."

ती हसली नाही. तिला वाईट वाटलं असंही दिसलं नाही. तिची बोटं सुपात थांबली. आबा, जे मी आता लिहिते आहे ते कुणी बोललं नसतं तरी खरंच राहिलं असतं. बारा वर्षं ते कुणी बोललं नव्हतं आणि तरी खरं होतं. हे मी सरांसमोर सिद्ध करून दाखवेन. पण ते आईच्या तोंडून बाहेर पडताना कसं वाटलं, ते मला सिद्ध करता येणार नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं तुमचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. मोठ्या दिराचं नाव बायका घेत नाहीत.

"गणपतरावांनी," ती म्हणाली, आणि थांबली. मग म्हणाली, "गणपतरावांनी न्हेऊ दिलं न्हाई."

डोक्यावरचा पदर पुढे ओढायला तिचा हात आपोआप वर गेला. अर्ध्यात थांबला. तो तिनं परत मटकीत नेला, आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या वेळी जरा मोठ्यानं, काकू पुढच्या सोप्यात होत्या त्यांना ऐकू जाईल असं.